उजवी बगल आणि सोमवारचा उपास

मागील अंकातील एका उत्तरात इंग्लंडचे फुटबॉलपटू आणि विंगर (मैदानाच्या कडेने, म्हणजे बगलेवरून, खेळणारे आघाडीवीर) स्टॅन्ली मॅथ्यूज हे वयाच्या पन्नासाव्या वर्षी पहिल्या श्रेणीतील लीग सामना खेळले होते, असा ओझरता उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे येतील अशी अपेक्षा नव्हती. त्यामुळे या वेळी इतर खेळांविषयीचे प्रश्न बाजूला ठेवून हे सदर मॅथ्यूज आणि त्यांच्या जागेवर खेळणाऱ्यांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : आपण छापलेले वय ही छपाईची चूक तर नव्हे? पस्तिशीच्या आसपास फुटबॉलपटू निवृत्त होतात, आणि विंगरची तर सारी मदार वेगावर असते. पन्नाशीचा माणूस तेथे कसा टिकेल? (एक वाचक, नाशिक)

छपाईची चूक नाही. मॅथ्यूज यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी स्टोक-ऑन-ट्रेंट या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातील हॅन्ली भागात झाला, आणि त्यांचा शेवटचा लीग सामना ६ फेब्रुवारी १९६५ रोजी, म्हणजे पन्नासाव्या वाढदिवसानंतर पाचव्या दिवशी, स्टोक सिटीकडून फुलहॅमविरुद्ध झाला. स्टोकने तो ३-१ असा जिंकला. त्या हंगामातील त्यांचा हा एकमेव लीग सामना होता, त्यामुळे ती मानाची हजेरी होती असे कोणी म्हटले तर वाद घालता येणार नाही. त्याआधीच्या वर्षांबद्दल मात्र तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ साली, सेहेचाळीस वर्षांचे असताना, ब्लॅकपूल सोडून ते दुसऱ्या श्रेणीत चाचपडणाऱ्या स्टोककडे परतले, तेव्हा ज्या मैदानावर जेमतेम आठ हजार प्रेक्षक येत होते तेथे त्यांच्या पुनरागमनाच्या सामन्याला पस्तीस हजारांहून अधिक लोक लोटले. १९६२-६३ च्या हंगामात स्टोकने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून वरची श्रेणी गाठली, आणि फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने अठ्ठेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूज यांना वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले. हाच पुरस्कार १९४८ साली पहिल्यांदा दिला गेला होता, तोही त्यांनाच. दरम्यान १९५६ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूसाठीचा ‘बॅलन डी’ऑर’ सुरू झाला. रेआल माद्रिदचा अल्फ्रेडो दि स्टेफानो ऐन भरात असताना त्या पहिल्या वर्षी एकेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूज यांनी ४७ विरुद्ध ४४ मतांनी त्याला मागे टाकले.

या दीर्घायुष्याचे मूळ घरात होते. वडील जॅक हे हॅन्लीतले न्हावी आणि त्याबरोबरच नामांकित मुष्टियोद्धे होते. पहाटे खिडकी उघडून दीर्घ श्वसन आणि व्यायाम करायचा, ही शिस्त त्यांनी मुलाला लहानपणीच लावली, आणि त्याने ती पुढे कधीच सोडली नाही. ब्लॅकपूलला राहत असताना मॅथ्यूज भल्या सकाळी समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत एकटेच धावत. सिगारेट आणि दारू यांना थारा नव्हता, आहार फळे आणि भाज्यांकडे झुकलेला होता, आणि सोमवारी ते काही खात नसत. सोमवारच्या उपासाचे नवल आमच्या वाचकांना वाटणार नाही, पण शनिवारचा सामना आटोपला की मांसाचे ताट आणि बिअर यांवर तुटून पडणाऱ्या त्या काळच्या इंग्लिश खेळाडूंमध्ये असा माणूस काहीसा विक्षिप्तच ठरत असणार.

आणखी एक हिशेब येथे मांडायला हवा. १९३९ ते १९४६ या काळात महायुद्धामुळे लीग बंद होती आणि मॅथ्यूज हवाई दलाच्या सेवेत होते. त्या काळात सामने होत असत, परंतु ते अधिकृत नोंदींत धरले जात नाहीत. म्हणजे चोवीस ते एकतीस हे विंगरचे उमेदीचे वय त्यांच्या कारकिर्दीतून जवळजवळ वजाच झाले आहे. तरीही सतराव्या वाढदिवशी, १९३२ साली, सुरू झालेल्या व्यावसायिक कारकिर्दीत त्यांचे लीग सामने सातशेच्या जवळ पोहोचले, आणि इंग्लंडकडून ते १९३४ पासून १९५७ पर्यंत ५४ सामने खेळले.

प्रश्न : मॅथ्यूज यांची जुनी चित्रफीत पाहिली. ते दर वेळी एकच युक्ती करताना दिसतात. ती समोरच्याला कळत कशी नव्हती? (एक वाचक, पुणे)

कळत होती, आणि गंमत नेमकी त्यातच आहे. प्रतिस्पर्ध्यांना ती पाठ होती, तरीही तिच्यावर उतारा सापडत नव्हता.

चित्रफीत पुन्हा पाहताना चेंडूऐवजी समोरच्या फुलबॅकच्या, म्हणजे बगल सांभाळणाऱ्या बचावपटूच्या, पायांकडे लक्ष द्यावे. मॅथ्यूज उजव्या टचलाइनजवळ (मैदानाच्या बाजूच्या रेषेजवळ) चेंडू घेतात आणि धावत सुटत नाहीत, तर चालत, काहीसे खांदे पाडून, सरळ बचावपटूच्या अंगावर जातात. चेंडू उजव्या पायाला चिकटलेला असतो. दोघांत हातभर अंतर उरले की ते चेंडूसह आतल्या बाजूला, म्हणजे स्वतःच्या डावीकडे, इतके झुकतात की आता हा पडणार असे वाटावे. फुलबॅक स्वस्थ उभा राहू शकत नाही, कारण विंगरला आतला रस्ता सोडणे म्हणजे त्याला गोलकडे सोडणे. त्याचा भार त्या बाजूच्या पायावर जातो, आणि गेल्याक्षणी मॅथ्यूज उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू टचलाइनकडे ढकलून निघून गेलेले असतात.

आपल्याकडच्या खो-खो खेळणाऱ्याला हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही, म्हणून पळणारा त्याला हूल देतो आणि चुकीची दिशा घ्यायला लावतो. फुटबॉलमध्ये असा नियम नाही, पण तो बंधनकारक करायला शरीर पुरेसे असते: ज्या पायावर भार आहे तो पाय उचलून दुसरीकडे वळायला जो क्षण लागतो, तेवढाच मॅथ्यूज यांना हवा असे. समोरचा हलेपर्यंत ते थांबू शकत होते, आणि समोरच्याला मात्र थांबणे परवडत नव्हते.

नाशिकच्या वाचकांच्या प्रश्नाचे उरलेले उत्तरही येथेच आहे. शंभर मीटरचा वेग तिशीनंतर ओसरू लागतो, आणि ज्या विंगरचे सारे भांडवल तोच वेग असतो त्याला तिशीतच दुकान आवरावे लागते. मॅथ्यूज यांना शर्यत पळावीच लागत नव्हती, कारण समोरचा आधीच अडखळलेला असे आणि पहिल्या चार-पाच पावलांत काम होऊन जाई. तो स्फोट त्यांनी अखेरपर्यंत जपला. १९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला गेले असताना तेथील खेळाडूंचे हलके बूट पाहून त्यांनी पुढे स्वतःसाठी तसे बूट बनवून घेतले. ते फार सामने टिकत नसत, पण त्या काळी इंग्लंडमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या, घोट्यापर्यंतच्या जड बुटांत ही चार पावले टाकून पाहावीत, म्हणजे त्यांचा हट्ट कळेल.

प्रश्न : १९५३ च्या एफ.ए. कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ‘मॅथ्यूज फायनल’ म्हणतात, पण त्यात तीन गोल तर स्टॅन मॉर्टेन्सनने केले होते. हा त्याच्यावर अन्याय नव्हे का? (एक वाचक, सातारा)

अन्याय आहे, आणि खुद्द मॅथ्यूज यांचेही मत तेच होते. वेम्ब्लीवरील एफ.ए. कप अंतिम सामन्यात तीन गोल करणारा मॉर्टेन्सन हा आजवरचा एकमेव खेळाडू आहे, आणि त्या सामन्याला नाव मात्र एकही गोल न केलेल्या सहकाऱ्याचे मिळाले. परंतु लोकांनी ते का दिले असावे, हे सामन्याचा शेवट पाहिल्यावर उमगते.

मॅथ्यूज तेव्हा अडतीस वर्षांचे होते. त्याआधी १९४८ साली मँचेस्टर युनायटेडकडून आणि १९५१ साली न्यूकॅसलकडून ब्लॅकपूल अंतिम फेरीत हरले होते, आणि कप विजेत्याच्या पदकाशिवाय राहिलेल्या या माणसाला ते या वेळी तरी मिळावे, अशी प्रतिस्पर्धी बोल्टन संघाच्या पाठीराख्यांना वगळून साऱ्या देशाची इच्छा होती. २ मे १९५३ रोजी वेम्ब्लीवर एक लाख प्रेक्षक होते, आणि महिन्याभरात जिचा राज्याभिषेक व्हायचा होता ती तरुण राणी एलिझाबेथही होती. दुसऱ्याच मिनिटाला नॅट लॉफ्टहाउसने बोल्टनचा पहिला गोल केला, आणि उत्तरार्धात बोल्टन ३-१ असे आघाडीवर गेले.

यानंतर जे घडले त्यात मॅथ्यूज यांच्या कौशल्याइतकाच परिस्थितीचाही हात होता, आणि कौतुकाच्या भरात हा भाग बहुधा गाळला जातो. बोल्टनच्या एरिक बेलच्या मांडीचा मागचा स्नायू सुरुवातीलाच दुखावला होता. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती, त्यामुळे तो लंगडत डाव्या बगलेवर उभा राहिला होता (तशाही अवस्थेत त्याने डोक्याने एक गोल केला, हे सांगायलाच हवे). मॅथ्यूज यांच्यासमोरचा फुलबॅक राल्फ बँक्स याच्या पायात गोळे येऊ लागले. ब्लॅकपूलच्या खेळाडूंनी ते हेरले आणि प्रत्येक चेंडू उजव्या बगलेकडे सोडायला सुरुवात केली. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत एक माणूस तीच हूल पुन्हा पुन्हा देतो आहे आणि समोर कोणीही उभे केले तरी तो निघून जातो आहे, असे ते दृश्य होते. मॉर्टेन्सनने मॅथ्यूज यांच्या क्रॉसवर (बगलेवरून मध्यभागी टाकलेल्या चेंडूवर) अंतर कमी केले आणि ८९ व्या मिनिटाला फ्री-किकवर थेट गोल करून बरोबरी साधली. मग वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून मिळालेल्या मिनिटांत मॅथ्यूज शेवटचे एकदा गोलरेषेच्या दिशेने गेले आणि तोल जाता जाता त्यांनी चेंडू जमिनीलगत मागे फिरवला. मध्यभागी मोकळ्या उभ्या असलेल्या बिल पेरीने तो जाळ्यात मारला आणि सामना ४-३ असा संपला.

मागे फिरवलेला हा चेंडू म्हणजेच जुन्या विंगरच्या कामाचे सार होते. गोलरेषेजवळून चेंडू मागे येतो तेव्हा बचावपटू स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात, आणि आघाडीवीर समोरून चेंडूवर चाल करून येत असतो. लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली ती ती हूल आणि तो मागे आलेला चेंडू, म्हणून नाव मॅथ्यूज यांचे झाले. मॉर्टेन्सनच्या चाहत्यांना यावर राग येत असेल तर तो रास्तच आहे.

प्रश्न : हल्लीचे विंगर हंगामात तीस-तीस गोल करतात. मॅथ्यूज यांचे गोल इतके थोडे कसे? जुन्या पद्धतीचे विंगर आता कोठे गेले? (एक वाचक, मडगाव)

ब्लॅकपूलकडून ३७९ लीग सामन्यांत मॅथ्यूज यांचे गोल १७ आहेत, तर लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने २०१७-१८ च्या एकाच लीग हंगामात ३२ गोल केले. दोघेही उजव्या बगलेचे, पण दोघांचा पेशा एक नाही. उजव्या पायाच्या माणसाला उजवीकडे ठेवले तर तो बाहेरून जाऊन क्रॉस देतो. डाव्या पायाच्या माणसाला तेथे ठेवले तर चेंडू आत घेताच गोल त्याच्या चांगल्या पायासमोर येतो. बायर्न म्युनिकच्या आर्येन रॉबेनने अख्खी कारकीर्द या एका वळणावर काढली. तोही आत येणार हे सर्वांना ठाऊक असे आणि त्यालाही कोणी अडवू शकत नसे, एवढ्या बाबतीत तो मॅथ्यूज यांचा थेट वारसदार होता.

मधल्या काळात मात्र विंगरच गायब झाले होते. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडने साखळी सामन्यांत तीन वेगवेगळे विंगर खेळवून पाहिले आणि उपांत्यपूर्व फेरीपासून एकही ठेवला नाही. चेंडूची वाट पाहत टचलाइनवर उभा राहणारा माणूस ही प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांना चैन वाटत होती. हेच रॅम्सी खेळाडू असताना राइट बॅक होते आणि १९५० च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध मॅथ्यूज यांच्या मागेच खेळले होते. पुढचा माणूस बचावाला परत येत नाही तेव्हा मागच्याचे काय हाल होतात, याचा अनुभव त्यांच्याइतका क्वचितच कोणाला असेल.

आपण मडगावचे आहात, म्हणून जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आधीच क्षमा मागतो. २४ एप्रिल २०२४ रोजी फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एफ.सी. गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० असे पुढे होते, आणि तेथून मुंबई सिटीने ३-२ असा विजय मिळवला. त्यांतले दोन गोल लालियानझुआला छांगते याचे होते. डाव्या पायाने खेळणारा आणि उजव्या बगलेवरून आत येणारा, असा तो आजच्या घडणीचा विंगर आहे. बगलेवरचा माणूस आता शेवटच्या क्षणी गोलसमोर असतो. मॅथ्यूज त्या क्षणी टचलाइनवर असते आणि तेथून चेंडू दुसऱ्या कोणाला तरी देत असते.

प्रश्न : एवढ्या मोठ्या खेळाडूने पैसा किती मिळवला? (एक वाचक, ठाणे)

आजच्या मानाने नगण्य. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती; १९५८ साली ती आठवड्याला २० पौंडांवर पोहोचली आणि १९६१ साली रद्द झाली, तेव्हा मॅथ्यूज शेहेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते. १९४७ साली ब्लॅकपूलने त्यांच्यासाठी स्टोकला ११,५०० पौंड मोजले, पण ती रक्कम क्लबची होती. त्यांनी ब्लॅकपूलला पत्नीसह हॉटेल चालवले, आणि प्रदर्शनीय सामने व जाहिराती यांतून काही मिळकत केली. त्यांतली एक जाहिरात सिगारेटची होती. ओढत नसलेल्या सिगारेटची शिफारस करणे हा त्यांच्या एरवी स्वच्छ कारकिर्दीवरचा डाग मानायचा, की वेतनावरील मर्यादेचा परिणाम मानायचा, हे वाचकांनी ठरवावे. मी दुसऱ्या मताचा आहे.

प्रश्न : ब्राझीलचा गारिंचा मॅथ्यूज यांच्याहून श्रेष्ठ नव्हता का? (एक वाचक, नागपूर)

श्रेष्ठ होता, असे मला वाटते. १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक त्याने जिंकले, आणि दुसऱ्या वेळी पेले जखमी झाल्यावर संघ प्रामुख्याने त्याच्याच बळावर पुढे गेला. हूलही तीच होती: उजवी बगल, आत झुकायचे, बाहेरून जायचे. दोघांची तुलना करण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो ब्राझीलचा लेफ्ट बॅक निल्टन सान्तोस याला. बोटाफोगो क्लबच्या चाचणीत गारिंचाने त्याला असे काही चकवले की त्यानेच या मुलाला घ्या म्हणून आग्रह धरला, असे सांगतात. आणि मे १९५६ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडने ब्राझीलला ४-२ असे हरवले, तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूज यांच्यासमोर हाच निल्टन सान्तोस उभा होता.

परंतु प्रश्न कारकिर्दीचा असेल तर उत्तर बदलते. जन्मतःच वाकड्या पायांच्या गारिंचाचे गुडघे तिशीतच निकामी होत आले होते, आणि इंजेक्शने घेऊन त्याला मैदानात उतरवले जात होते. त्यात दारूची भर पडली. ब्राझीलकडून खेळलेल्या ५० सामन्यांपैकी त्याने केवळ शेवटचा, १९६६ साली हंगेरीविरुद्धचा, गमावला. १९८३ साली तो वारला तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. त्या वयात मॅथ्यूज पहिल्या श्रेणीतल्या संघाचे व्यावसायिक खेळाडू होते.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा असून तालमीच्या संघातून उजव्या विंगवर खेळतो. शाळेत शंभर मीटरमध्ये तो पहिला येतो. सगळे म्हणतात, पोरगा वाऱ्यासारखा पळतो, पुढे नक्की जाईल. त्याने आता काय करावे? (एक पालक, कोल्हापूर)

शाहू स्टेडियमच्या गॅलरीतले लोक जेव्हा ‘वाऱ्यासारखा पळतो’ म्हणतात तेव्हा ते काही पाहूनच म्हणतात, त्यामुळे त्याच्या वेगाविषयी शंका नाही. तथापि चौदाव्या वर्षी केवळ वेगावर समोरच्याला मागे टाकणारी मुले अठराव्या वर्षी अडचणीत येतात, कारण तोपर्यंत समोरचा फुलबॅकही तितकाच वेगवान झालेला असतो आणि तोवर आपल्या मुलाला दुसरे काही शिकण्याची गरजच पडलेली नसते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस त्याला धावू न देता खेळवावे. टचलाइनलगत दहा पावले लांब आणि पाच पावले रुंद अशी पट्टी फकीने आखावी, समोर त्याच्याहून मोठा आणि वेगवान मुलगा उभा करावा, आणि चालतच त्याला पार करण्यास सांगावे. सुरुवातीला दहापैकी नऊ वेळा चेंडू जाईल. त्या वेळी गॅलरीतल्या हितचिंतकांना दूर ठेवावे.

डाव्या पायाने क्रॉस आणि फटका यांचा सराव स्वतंत्रपणे करावा, कारण आजचा प्रशिक्षक त्याला कोणत्याही बगलेवर उभे करील. बचावासाठी मागे धावत येणे त्याला आवडत नसेल तर ती सवय आताच लावावी. रॅम्सींच्या काळापासून कोणत्याही प्रशिक्षकाने त्यातून सूट दिलेली नाही. बाहेर पाठवण्याची घाई करू नये, पण संधी आली तर पुण्या-मुंबईच्या अकादमींच्या निवड चाचण्यांना अवश्य न्यावे. वर उल्लेख केलेला छांगते मिझोरामहून पुण्यातील डीएसके शिवाजीयन्सच्या अकादमीत आला होता आणि २०१५ साली, अठराव्या वर्षी, भारताकडून खेळला. २०२२-२३ च्या हंगामात तो इंडियन सुपर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चाचणीला नेताना मुलाचा पन्नास-शंभर मीटरचा वेळ सांगत बसू नये. तो घड्याळ लावून त्यांना स्वतःच मोजता येतो.